घाटावरील व्यायाम आणि सूर्यप्रकाश

काशीस गंगा उत्तरवाहिनी असून दशाश्वमेध घाट तिच्या पश्चिम तीरावर आहे. त्यामुळे उगवत्या सूर्याचे किरण थेट पायऱ्यांवर पडतात. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ मध्ये पुन्हा बांधविलेल्या या घाटावर पहाटे स्नान, पोहणे व व्यायाम चालतो. या कोवळ्या उन्हातून जीवनसत्त्व ‘ड’ मिळते, अशी समजूत आहे. ती बहुतांशी चुकीची होय.

हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यास अतिनील किरण लागतात. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याच्या प्रकाशात मुडदूस झालेली मुले बरी केली होती. परंतु सूर्य क्षितिजालगत असताना किरण वातावरणातून तिरकस व लांबच्या वाटेने येतात, आणि त्यांतील हा उपयुक्त अंश ओझोन वायू शोषून घेतो. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली, म्हणजे सूर्य पुरेसा वर आला असे समजावे. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य हे किरण अडविते, म्हणून तिला अधिक वेळ लागतो.

मग पहाटेचा व्यायाम व्यर्थ काय? मुळीच नाही. स्नायू, हृदय व हाडे यांना त्याचा लाभ होतोच; शिवाय सकाळचा प्रकाश डोळ्यांत शिरून देहाचे घड्याळ लावतो व रात्री झोप वेळेवर येते. (सूर्याकडे टक लावून मात्र कदापि पाहू नये.)

काशीस मे-जूनमध्ये सावली नवाच्या सुमारासच आखूड होते. तेव्हा लू सुटण्यापूर्वी थोडे चालणे उत्तम. डिसेंबरात ती भर दुपारीही उंचीहून लांबच राहते, म्हणून त्या दिवसांत व्यायाम दुपारच्या उन्हात करावा.