सरकलेली नळी
पुणे-सोलापूर रस्त्यावरील डाळजसारख्या गावी, ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा रुग्णाची आठवड्यातून दोन-तीनदा घडणारी रुग्णालयाची वारी जे घरच्या घरी वाचवू शकते, त्या पोटाच्या डायलिसिसची सारी भिस्त टेंकहॉफ या डॉक्टरांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या सिलिकॉनच्या मऊ नळीवर असते. ओटीपोटाच्या तळाशी असावयाचे तिचे टोक कधी वर सरकते, आणि मग सुखेनैव पोटात गेलेला डायलिसिसचा दोन लिटर द्रव पिशवीत परतताना थेंबथेंब रेंगाळतो. कारण पुष्कळदा अगदी साधे, मलावरोधाने फुगलेले आतडे! म्हणूनच कोठा साफ ठेवण्याची ताकीद मला औषधाइतकीच मोलाची वाटते. एक्स-रे काढून डॉक्टर प्रथम रेचक देतात. तेवढ्याने न भागल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने नळी पूर्वस्थानी बसवितात.