ठाऊक असलेल्या शेवटाची भीती: ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ पडद्यावर आणला, तेव्हा लंका जळणार हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. कुतूहल होते ते ती कशी जळते याचे. झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वाचे बळ मला याच जातीचे वाटते.

२०१६ मधले पहिले पर्व कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात, अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाले. जानेवारी २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व त्याच्या मागे, अण्णा हयात असतानाच्या काळात गेले. त्यामुळे ‘पुढे काय’ हा प्रश्न मागे पडून ‘हे घर असे का झाले’ हा प्रश्न पुढे आला. पहिल्या पर्वात भीती सावल्यांत आणि रात्रीच्या आवाजांत होती. दुसऱ्यात ती दिवसाढवळ्या ओसरीवर येऊन बसली. जमीन, पैसा, पुरुषपण आणि गावाचे मौन या चारांच्या आधाराने एक माणूस काय काय करू शकतो, हे माधव अभ्यंकरांनी नजरेतून आणि भरदार आवाजातून दाखवले. अपूर्वा नेमळेकरांची शेवंताही नुसती ‘दुसरी बाई’ राहिली नाही. तिची हाव आणि तिचे एकटेपण दोन्ही दिसत राहिले.

ही मालिका मी पंचवटीत आत्याच्या घरी पाहत असे. आत्या जुन्या वाड्यात वाढलेली. भूत दिसले की ती खुशाल भाजी निवडत बसे. अण्णा जेवायला बसले की तिचे हात थांबत. एकदा म्हणाली, “भुताला काय भ्यायचं रे? ताटावर बसून हाक मारतो, त्याला भ्यायचं.” दुसऱ्या पर्वाची याहून नेमकी समीक्षा मला करता येणार नाही.

मग उणीव कुठे? ज्याची भीती दाखवायची, त्याच्याच प्रेमात मालिका पडली. अण्णांच्या दरडावणीवर पार्श्वसंगीत रुबाब चढवू लागले, शेवंताबरोबरचे प्रसंग लांबत गेले. आमच्या कॉलनीतल्या गणेशोत्सवात वेशभूषा स्पर्धेला दोन अण्णा आणि तीन शेवंता आल्या. माई कोणालाच व्हायचे नव्हते. शकुंतला नरे यांनी माईंचा सोशिकपणा मनापासून उभा केला, पण सगळे दिसत असूनही ही बाई घर का सोडत नाही, याचा शोध लेखनाने पुरेसा घेतला नाही. आत्याचे हात ज्या जागी थांबत, तिथे कॅमेरा थांबला नाही.

दुसरी उणीव दैनंदिन मालिकेच्या रचनेतली. शेवट ठरलेली गोष्ट मोजक्या भागांत घट्ट बसते. रोजच्या मालिकेला मात्र उद्याचाही भाग भरायचा असतो. अण्णांनी ज्यांचा जीव घेतला, ती माणसे भूत होऊन त्यांना छळतात, ही कल्पना मुळात सुंदर आहे. नाकारलेली टोचणीच तिथे रूप घेऊन येते. पण तेच दर्शन वारंवार घडू लागले की टोचणी जाते, नुसता दचका उरतो. त्यात मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबले, आणि पुन्हा सुरू झालेली मालिका ऑगस्टमध्ये संपली.

भाषेचा हिशेब दोन्हीकडे मांडावा लागेल. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही होते. त्यांच्या पांडूचे ‘इसारलंय’ गोदाकाठच्या पोरांच्याही तोंडी बसले. मालवणी बोली घराघरांत पोहोचली खरी. मात्र आमच्याकडे उरली ती बहुधा नकलेपुरती.

तरीही दोन्ही पर्वांत मला दुसरेच मोलाचे वाटते. मराठी घराला भुतांपेक्षा घरच्या कर्त्या पुरुषाचे भय जास्त असू शकते, हे त्याने रात्रीच्या जेवणानंतर, सगळे कुटुंब एकत्र बसलेले असताना दाखवले. त्या बैठकीत किती जणींचे हात थांबले असतील, ते मात्र मालिकेने विचारायला हवे होते.