बारा दिवसांतला एक तास

कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहिलात, तरी सास-फे गावाच्या मानाने तुम्ही दीडशे मीटर खालीच असता. स्वित्झर्लंडमधलं हे गाव १,८०० मीटरवर आहे. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात पहाटे रस्त्यावर आवाज येतो तो जड बुटांचा. खांद्यावर स्की टाकून पोरं रोपवेकडे निघालेली असतात. स्की शर्यतींचा वर्ल्ड कप ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियातल्या सोल्डेनला सुरू होतो. त्याआधीच्या सरावासाठी बर्फ हवा, आणि युरोपात जुलै-ऑगस्टमध्ये तो उरतो फक्त हिमनद्यांवर.

या पोरांमधली एक चौदा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणू. वजन पन्नास किलो, स्लॅलमचं, म्हणजे दांड्यांमधून नागमोडी वळणं घेत उतरायच्या शर्यतीचं, पहिलंच मोठं शिबिर, मुक्काम बारा दिवस. पुढचे तिचे आकडे माझा अंदाज आहे, पण हातचे राखून केलेला.

ती पाच वाजता उठते. रोपवे तिला साधारण ३,००० मीटरवर सोडतो. तिथून पुढे डोंगराच्या पोटातून जाणारी मेट्रो अल्पिन ही रेल्वे. १९८४ साली खडक पोखरून सुरू झालेल्या या गाडीतून बाहेर पडलं की आपण साडेतीन हजार मीटरच्या आसपास असतो. हवेचा दाब इथे समुद्रकाठच्या दोन तृतीयांश. घाई एवढ्यासाठी की रात्री लोखंडासारखा झालेला बर्फ अकरा वाजेपर्यंत चौपाटीवरच्या गोळ्यासारखा होतो, तोही रस ओतल्यावरच्या.

उतारावरून खाली आलं की परत वर नेतो टी-बार. कमरेमागे एक आडवा दांडा येतो आणि तो तुम्हाला ढकलत नेतो. बसायची सोय नाही, त्यामुळे पायांना विश्रांतीही नाही. खुर्च्यांची लिफ्ट का नाही, याचं कारण पायाखालीच आहे. हिमनदी वर्षभर सरकत असते आणि जड खांब तिच्यावर जागच्या जागी राहत नाहीत. याच खोऱ्यात ३० ऑगस्ट १९६५ रोजी अलालिन हिमनदीचा सुमारे २० लाख घनमीटर बर्फ कोसळला आणि मॅटमार्क धरणाच्या बांधकामावरचे ८८ जण त्याखाली गेले. या बर्फावर सराव करणाऱ्या पोरांना कुणी हे सांगत असेल का, कोण जाणे.

आता मोजू. गेट, म्हणजे बर्फात रोवलेले दांडे, लावलेल्या मार्गावरून एक फेरी चाळीस सेकंदांची. सकाळभरात आठ फेऱ्या. आठ गुणिले चाळीस, म्हणजे ३२० सेकंद. सव्वापाच मिनिटांपेक्षा जरासं जास्त! पहाटे पाचला उठलेली ही मुलगी संध्याकाळी पाचला दिवसाचं सगळं काम संपवते असं धरलं, तर ४३,२०० सेकंदांतून तिच्या पदरात पडतात ३२०. दर १३५ सेकंद खर्ची घालावेत तेव्हा एक सेकंद हाती लागतो. इतका तोट्याचा व्यवहार कुठल्या दुकानदाराने केला नसता. बारा दिवसांचा हिशोब होतो ६४ मिनिटं.

त्या ६४ मिनिटांत काय काय होतं ते मात्र बघण्यासारखं आहे. एका फेरीत ४५ गेट धरले, तर ९६ फेऱ्यांत ४,३२० वळणं. प्रत्येकाला एक सेकंदही मिळत नाही. फेरीला दीडशे मीटरची उतरण धरली तर एकूण १४,४०० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली पावणेनऊ कळसूबाई.

खरी कसोटी वळणात असते. स्कीच्या कडेवर कलून वळताना शरीरावर वजनाच्या अडीचपट भार सहज येतो. पन्नास किलोच्या मुलीवर सव्वाशे किलो, साखरेची अडीच पोती, आणि तीही बहुतेक एकाच पायावर. ४,३२० वळणांना सव्वाशे किलोंनी गुणलं तर ५४० टन होतात. पदार्थविज्ञानाचे शिक्षक माझा कान धरतील, कारण भारांची अशी बेरीज करत नाहीत. पण संध्याकाळी जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी मोजणाऱ्या त्या पोरीला विचारा, ती माझ्या बाजूने बोलेल.

दुपारी ती स्की उलटी करून टेबलावर शिकंज्यात अडकवते. कडेला पोलादी पट्टी असते, तिचा कोन ९० अंशांपेक्षा दोन-तीन अंशांनी कमी ठेवायचा. कानस एकाच दिशेने ओढायची, एकाच दाबाने. मग अंगठ्याचं नख कडेवर आडवं फिरवायचं. नखाचा पांढरा भुसा निघाला तर धार लागली. त्यानंतर इस्त्रीने मेण वितळवून तळव्यावर पसरायचं, गार झालं की खरवडून काढायचं, ब्रश मारायचा. यात तास जातो. पाच मिनिटं घसरण्यासाठी तासभर घासणं!

एवढं करून कमवायचं काय, तर सेकंदाचा शंभरावा भाग. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुपर-जी या वेगवान शर्यतीत एस्टर लेडेत्स्काने १ मिनिट २१.११ सेकंद घेतले, आना फाइटने २१.१२. ताशी ९० किलोमीटर वेग धरला तर सेकंदाच्या शंभराव्या भागात पंचवीस सेंटिमीटर अंतर कापलं जातं. फरक वीतभराचा. त्याच्या चार वर्षं आधीच्या ऑलिंपिकमध्ये डाउनहिल शर्यतीत तेवढाही उरला नव्हता. डॉमिनिक गिसिन आणि टीना माझे दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद निघाली आणि दोघींना सुवर्ण द्यावं लागलं.

शिबिरात संध्याकाळी कोच व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवतात. पण सेकंदाला २५ चित्रं घेणाऱ्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये चार शतांश सेकंद निघून गेलेले असतात. लेडेत्स्का आणि फाइट यांच्यात जेवढा फरक होता, तसे चार फरक दोन चित्रांच्या मधल्या फटीत मावतील.

आणि एक गेट चुकलं की सगळी बेरीज शून्य. २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकटा खेळाडू होता गुलमर्गचा आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला, स्लॅलममध्ये शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचला नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये मिकाएला शिफ्रिनही जायंट स्लॅलम आणि स्लॅलम या दोन्ही शर्यतींतून पहिल्या काही सेकंदांतच बाद झाली. ही तीच शिफ्रिन, जिने २०२५ मध्ये वर्ल्ड कपच्या शर्यतींतला शंभरावा विजय मिळवला. बीजिंगला स्लॅलममधून बाद झाल्यावर ती मार्गाच्या कडेला बर्फावर गुडघ्यांत डोकं घालून वीसेक मिनिटं बसून होती.

ज्या बर्फावर हे सगळं चालतं, तोही आटतो आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपला दहावा हिस्सा गमावला. २०२२ च्या उन्हाळ्यात तर झरमॅट या स्विस गावालासुद्धा बर्फाअभावी काही काळ स्कीइंग बंद ठेवावं लागलं, आणि तिथली केबल कार ३,८८३ मीटरवर जाते.

आपली मुलगी या क्षणी बुटांची ओली अस्तरं हीटरपाशी वाळत टाकते आहे. गेटचे दांडे आपटून तिच्या डाव्या नडगीवर, संरक्षक गार्डच्या वरच्या काठाशी, जांभळी रेघ उठली आहे. फोनवर आजी विचारते, आज किती वेळ स्कीइंग केलंस गं?

"दिवसभर," ती म्हणते.