ऑनलाइन ब्रिज

ऑनलाइन ब्रिज म्हणजे संगणक किंवा मोबाइलवर आंतरजालाच्या साहाय्याने खेळला जाणारा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हा पत्त्यांचा खेळ होय. यातील चार खेळाडू चार वेगवेगळ्या गावांत, किंबहुना चार वेगवेगळ्या देशांत असू शकतात. पाने पिसणे, वाटणे, बोलींचा क्रम सांभाळणे आणि गुण मोजणे ही कामे प्रणाली करते. खेळाचे मूळ नियम मात्र प्रत्यक्ष ब्रिजचेच असतात. पडद्यामागचा खेळाडू इतरांना दिसत नसल्यामुळे या प्रकारात शिष्टाचार आणि प्रामाणिकपणा यांना विशेष महत्त्व आहे.

खेळाचे स्वरूप

ब्रिज हा चौघांचा खेळ असून समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू असतात. जागांना उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशी दिशांची नावे आहेत. ५२ पानांपैकी प्रत्येकाला १३ पाने मिळतात. महाराष्ट्रात घरोघरी खेळल्या जाणाऱ्या मेंढीकोटातही दोन-दोन भिडूंच्या जोड्या, हुकूम आणि हात करणे या गोष्टी असतात. ब्रिजचे वेगळेपण त्याच्या बोलीत आहे. कोणता रंग हुकूम असावा आणि आपली जोडी किती हात करील, हे खेळ सुरू होण्यापूर्वी बोलीने ठरते.

रंगांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा असून त्यांच्या वर बिनहुकमी बोली असते. पहिले सहा हात गृहीत धरलेले असतात. त्यामुळे ‘एक बदाम’ म्हणजे बदाम हुकूम ठेवून सात हात करण्याची तयारी आणि ‘सात बिनहुकमी’ म्हणजे सर्व तेरा हात. अशा एकूण ३५ बोली संभवतात. यांशिवाय पास, डबल आणि रीडबल असे म्हणता येते. शेवटची बोली हा त्या डावाचा करार ठरतो. करार मिळवणाऱ्या जोडीपैकी तो रंग ज्याने प्रथम बोलला तो करारकर्ता होतो. त्याच्या डावीकडील खेळाडूने उतारी केल्यावर करारकर्त्याच्या भिडूची पाने उघडी मांडली जातात. या भिडूला ‘डमी’ म्हणतात.

एका खेळाडूच्या हाती येऊ शकणाऱ्या तेरा पानांच्या ६३,५०१ कोटींहून अधिक जुळण्या होतात. या सर्वांचे वर्णन बोलीच्या मोजक्या शब्दांत करावे लागते. ब्रिजची गोडी आणि अडचण दोन्ही यातच आहेत.

इतिहास

व्हिस्ट आणि ऑक्शन ब्रिज या जुन्या खेळांतून अमेरिकेचे हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये एका जलप्रवासात कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती सिद्ध केली. काही वर्षांतच हा प्रकार जगभर पसरला. आंतरजालावरील आरंभीच्या उपक्रमांमध्ये १९९० मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘ओकेब्रिज’ महत्त्वाचा मानला जातो. फ्रेड गिटेलमन यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये सुरू झालेले ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ हे संकेतस्थळ पुढे सर्वाधिक परिचित झाले. मोठ्या स्पर्धांतील सामने घरबसल्या पाहण्याची सोयही त्यातून झाली.

मार्च २०२० नंतर कोरोनाच्या साथीमुळे क्लब बंद पडले आणि प्रत्यक्ष स्पर्धा थांबल्या, तेव्हा खेळाडूंचा मोठा वर्ग पडद्याकडे वळला. त्याच वर्षी ‘रियलब्रिज’ ही प्रणाली आली. तिच्यात खेळाडू एकमेकांना पाहू आणि ऐकू शकतात. २०२१ मध्ये युरोपातील विश्वविजेतेपदाची पात्रता स्पर्धाही तिच्यावर घेण्यात आली.

प्रत्यक्ष टेबल आणि ऑनलाइन टेबल

प्रत्यक्ष खेळात पाळी नसताना बोली लावणे, रंग हातात असूनही दुसऱ्या रंगाचे पान टाकणे किंवा गुण चुकीचे लिहिणे अशा चुका होतात. ऑनलाइन खेळात प्रणाली या गोष्टी होऊच देत नाही. त्यामुळे नियमपुस्तकातील अनेक कलमांची येथे गरज उरत नाही.

ज्या गोष्टी प्रणालीला कळू शकत नाहीत, त्या मात्र शिल्लक राहतात. खेळाडूने उशीर केला तो विचारासाठी की जोडणी मंद झाल्यामुळे, तो दुसऱ्या यंत्रावरून डाव पाहत आहे काय, भिडूशी दूरध्वनीवर बोलत आहे काय, हे तिला दिसत नाही. थोडक्यात, यांत्रिक चुका जवळजवळ नाहीशा झाल्या आणि सचोटीचा भार पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात खेळाडूवर आला.

बोली

हातातील पानांचे मूल्य ठरवण्यासाठी एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे गुण मोजतात. संपूर्ण जोडात असे ४० गुण असतात. साधारणपणे १२ किंवा अधिक गुण असल्यास बोली उघडतात. दोघा भिडूंचे मिळून २५ च्या आसपास गुण असतील तर ‘गेम’चा, म्हणजे कराराचे मूळ गुण १०० किंवा अधिक होतील असा, करार गाठण्याचा प्रयत्न करतात. किलवर आणि चौकट यांतील प्रत्येक हाताला २०, बदाम आणि इस्पिक यांतील हाताला ३०, तर बिनहुकमी करारात पहिल्या हाताला ४० आणि पुढील प्रत्येकाला ३० गुण मिळतात. म्हणून तीन बिनहुकमी, चार बदाम आणि चार इस्पिक हे गेमचे नेहमीचे करार होत.

पुढील उदाहरणावरून बोलीचे काम स्पष्ट होईल.

दक्षिण: इस्पिक – राजा, १०, ९, ४, बदाम – एक्का, ६, चौकट – एक्का, राणी, ८, ३, किलवर – राजा, ७, २.
उत्तर: इस्पिक – एक्का, राणी, ७, ३, बदाम – ८, ५, चौकट – राजा, ९, २, किलवर – राणी, १०, ६, ४.

दक्षिणेकडे १६ गुण आहेत आणि पाने चारही रंगांत विभागलेली आहेत. ती ‘एक बिनहुकमी’ अशी बोली उघडते. प्रचलित पद्धतीत या बोलीचा अर्थ १५ ते १७ गुण असा आहे. उत्तरेकडे ११ गुण असल्याने गेम होणार हे तिला कळते. प्रश्न फक्त कोणत्या करारात, एवढाच असतो. ती ‘दोन किलवर’ म्हणते. या बोलीचा किलवराशी संबंध नाही. ‘तुझ्याकडे बदाम किंवा इस्पिक यांपैकी एखाद्या रंगाची चार पाने आहेत काय?’ असा तो प्रश्न आहे. या संकेताला ‘स्टेमन’ म्हणतात. दक्षिण ‘दोन इस्पिक’ असे उत्तर देते आणि उत्तर ‘चार इस्पिक’ बोलून करार ठरवते.

तीन बिनहुकमीच्या करारात प्रतिपक्षाने बदामाची उतारी केली असती, तर दक्षिणेचा एकमेव एक्का खर्ची पडून तो रंग उघडा पडला असता. इस्पिकाचे चार, बदामाचा एक आणि चौकटीचे तीन असे साधारण आठच हात हाती लागतात. नवव्या हातासाठी किलवर खेळावे, तर प्रतिपक्ष किलवराचा एक्का घेऊन बदामाचे हात ओढतो. इस्पिक हुकूम असताना तिसरा बदाम हुकुमाने मारता येतो, शिवाय दक्षिणेची चौथी चौकट उत्तरेच्या हुकुमाने मारून एक हात वाढतो. एका प्रश्नाने आणि एका उत्तराने करार वाचतो, तो असा.

बोलीविषयी नेहमीचे प्रश्न

अनोळखी भिडूबरोबर कोणती पद्धत खेळावी, हा ऑनलाइन खेळातील पहिला प्रश्न असतो. ‘स्टँडर्ड अमेरिकन’ किंवा ‘टू ओव्हर वन’ यांपैकी एक पद्धत खेळाआधी दोन वाक्यांत ठरवून घेणे इष्ट. पद्धतीचे केवळ नाव घेतल्याने सर्व काही ठरत नाही. एक बिनहुकमीची मर्यादा, बदाम-इस्पिक उघडण्यास पाच पाने लागतात की चार आणि एक्के विचारण्याची रीत एवढे तरी स्पष्ट असावे.

दुसरा प्रश्न डबलचा. प्रतिपक्षाने ‘एक बदाम’ उघडल्यावर लगेच दिलेली डबल बहुधा दंडासाठी नसते. ‘माझ्याकडे बोली उघडण्याइतके गुण असून उरलेले रंग चांगले आहेत, तुझा रंग सांग’ असा तिचा अर्थ असतो. नवशिक्या भिडूने अशा वेळी पास केल्यास जोडीचे मोठे नुकसान होते.

तिसरा प्रश्न ‘चार बिनहुकमी’चा. हुकूम ठरल्यानंतर आलेली ही बोली ब्लॅकवुड संकेतानुसार एक्क्यांची चौकशी असते. मूळ पद्धतीत पाच किलवर म्हणजे शून्य किंवा चार, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन आणि पाच इस्पिक म्हणजे तीन एक्के. हुकूम ठरलेला नसताना, विशेषतः भिडूच्या बिनहुकमी बोलीवर लगेच आलेली ‘चार बिनहुकमी’ अनेकदा केवळ गुणांविषयीचे आमंत्रण असते.

संकेतांचा खुलासा

ब्रिजमध्ये गुप्त संकेत चालत नाहीत. भिडूंमध्ये जे ठरले असेल ते जाणून घेण्याचा प्रतिपक्षाला हक्क असतो. प्रत्यक्ष टेबलावर बोलीचा खुलासा बोलणाऱ्याचा भिडू करतो. ऑनलाइन टेबलावर याच्या उलट, ज्याने बोली लावली त्यानेच ‘अलर्ट’ देऊन तिचा अर्थ लिहावयाचा असतो. हा खुलासा प्रतिपक्षाला दिसतो, भिडूला दिसत नाही. या व्यवस्थेमुळे एकाच्या खुलाशावरून दुसऱ्याला आपली चूक उमगण्याचा प्रसंग टळतो.

खुलाशात जोडीतील ठराव सांगावयाचा असतो, हातातील पाने नव्हेत. वरील उदाहरणात उत्तरेने ‘चार पानांचा बदाम किंवा इस्पिक विचारते’ एवढे लिहिले की पुरे. ठरावच झालेला नसेल तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. विचारल्यावर केवळ संकेताचे नाव फेकणे हे उत्तर नव्हे, कारण प्रतिपक्षाला ते नाव ठाऊक असेलच असे नाही.

शिष्टाचार

ऑनलाइन टेबलावर पुढील रीती सर्वत्र मान्य आहेत.

आल्यावर अभिवादन करावे आणि जाताना सांगून जावे. डाव अर्धवट टाकून जाणे हा मोठा अपराध समजतात, कारण त्यामुळे उरलेल्या तिघांचा डाव अडतो.

भिडूच्या चुकीची चर्चा टेबलावर करू नये. चर्चा करावयाची असल्यास सत्र संपल्यावर आणि खासगीत करावी. प्रतिपक्षाला न मागता धडे देणेही अनुचित होय.

टेबलावरील संदेश चौघांना समजेल अशा भाषेत लिहावेत. दोघे भिडू मराठी आणि प्रतिपक्ष परभाषी असताना मराठीत लिहिल्यास, मजकूर कितीही साधा असला तरी शंकेला जागा होते.

बोट चुकून भलतेच पान पडल्यास ‘अनडू’ मागता येते, आणि असा दोष उघड असेल तर प्रतिपक्षाने उदारपणे मान्यता द्यावी. विचार बदलला म्हणून अनडू मागू नये.

उरलेल्या हातांचा निकाल स्पष्ट असल्यास करारकर्त्याने ‘क्लेम’ करून वेळ वाचवावा आणि हात कसे होणार ते लिहावे. खात्री नसल्यास बचाव करणाऱ्यांनी क्लेम नाकारण्यात काही गैर नाही.

भिडूच्या उशिरावरून निष्कर्ष काढू नये. बोलीतून आणि पानांतून मिळते तीच माहिती अधिकृत; विलंब, घाई किंवा उद्गार यांतून मिळालेली माहिती वापरणे नियमबाह्य आहे. प्रतिपक्षाला फसवण्यासाठी मुद्दाम रेंगाळणेही तितकेच निषिद्ध आहे.

वाद झाल्यास परस्पर आरोप न करता स्पर्धा-संचालकास बोलवावे.

गुणदान

ड्युप्लिकेट प्रकारात तोच डाव अनेक टेबलांवर खेळला जातो आणि निकालांची तुलना होते. त्यामुळे चांगली पाने मिळण्याच्या दैवाचा भाग पुष्कळ कमी होतो. वरील डावात जोडी व्हल्नरेबल असताना चार इस्पिकांचा करार बरोबर दहा हात करून पूर्ण झाल्यास ६२० गुण मिळतात. दुसऱ्या टेबलावरची जोडी दोन इस्पिकांवर थांबली आणि तिनेही दहा हात केले, तर तिला १७० गुणच मिळतात. ४५० गुणांचा हा फरक सांघिक सामन्यात १० इम्प इतका धरतात. हात दोघांनी सारखेच केले. फरक पडला तो बोलीने.

गैरप्रकार

साथीच्या काळात सर्वांत जास्त चर्चा झाली ती दुसऱ्या नावाने प्रेक्षक बनून स्वतःच्याच टेबलावरील सर्व पाने पाहण्याच्या प्रकाराची. भिडूंनी दूरध्वनीवर बोलत खेळणे हा दुसरा प्रकार. यावर उपाय म्हणून स्पर्धांतून प्रेक्षकांना बंदी घालणे, प्रक्षेपण उशिराने दाखवणे आणि कॅमेरा सुरू ठेवणे असे मार्ग अवलंबले गेले. प्रत्येक बोली आणि प्रत्येक पान यांची नोंद राहत असल्याने संशयास्पद खेळ मागाहून तपासताही येतो.

फसवणूक केवळ ऑनलाइन खेळातच होते असे नाही. २०१५ मध्ये नॉर्वेचे खेळाडू बोये ब्रोगेलँड यांच्या पुढाकाराने प्रत्यक्ष स्पर्धांतील काही नामांकित जोड्यांचे गुप्त इशारे चित्रफितींच्या अभ्यासातून उघडकीस आले होते. एखादा यशस्वी डाव पाहून प्रतिपक्षावर उघड आरोप करणे मात्र शिष्टाचाराविरुद्ध आहे. एका डावावरून काहीच सिद्ध होत नाही.

भारत आणि महाराष्ट्र

२०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. त्यात प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीत सुवर्णपदक मिळवले. बर्धन त्या वेळी ६० वर्षांचे होते. भारताला पुरुष सांघिक आणि मिश्र सांघिक प्रकारांत कांस्यपदकेही मिळाली. पुरुष संघात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक पटकावले.

महाराष्ट्रात ब्रिज मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील क्लब आणि जिमखान्यांच्या आश्रयाने वाढला. चार जाणकार एका जागी जमल्याशिवाय हा खेळ होत नाही, आणि ड्युप्लिकेट प्रकाराला तर अनेक टेबले लागतात. बारामती–इंदापूर मार्गावरील काटेवाडीसारख्या गावातील हौशी खेळाडूला असा मेळ जमवणे अवघड. ऑनलाइन खेळाने ही अट दूर केली. परगावी गेलेली मुले, निवृत्त मित्र किंवा परदेशस्थ नातेवाईक यांच्याबरोबर गावातूनच टेबल मांडता येते. भिडू न मिळाल्यास संगणकी भिडूबरोबर सरावही करता येतो.

कायदेशीर स्थिती

रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या एका निकालात त्यातील दैवाच्या भागाची तुलना ब्रिजमधील पानांच्या वाटपाशी केली होती. तथापि, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, मनाई केली आहे. पैसे न लावता केवळ गुणांसाठी खेळला जाणारा ब्रिज हा त्याहून वेगळा होय.

हेही पहा

ब्रिज, व्हिस्ट, मेंढीकोट, रमी, आशियाई क्रीडास्पर्धा