दहा मिलिमीटरचं चामडं

सकाळी 10:15
पुण्याच्या कॅम्पात, एका जुन्या इमारतीच्या तळघरात हे पार्लर आहे. स्नूकरची दोन टेबलं, पूलची पाच. मामा शटर अर्धं वर सारतात आणि वाकून आत शिरतात. खरं नाव रजिस्टरमध्ये असेल. इथं येणारा प्रत्येक जण त्यांना मामाच म्हणतो. आधी पंखे, मग टेबलांवरचे दिवे. जुलै चालू आहे. भिंतीला ओल आलीय आणि कापडालाही. स्नूकरचं कापड लोकरीचं, दमटपणा धरतं, मग बॉल जड चालतो. मामा लांब ब्रश घेतात. ‘डी’च्या टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे, एकाच दिशेनं. त्याच दिशेनं मग इस्त्री. बारा फुटांचं टेबल, कमरेतून वाकून. दोन टेबलांना पाऊण तास. हे पगारातलं काम. पगार महिना 15,000.

सकाळी 11:00
काउंटरमागे दोन फूट जागा. तिथं लाकडी पाट, पाटाच्या कडेला दांडीनं आवळायचा छोटा शेगडा, आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात दाढीची पाती, कटर, चपटी कानस, 120 पासून 1000 नंबरपर्यंतच्या काचपेपरचे तुकडे, मास्किंग टेप, नेलपेंट रिमूव्हरची बाटली, फेविक्विकच्या पाचपाच रुपयांच्या ट्यूबा. जुन्या कमरपट्ट्याचा वीतभर तुकडा. हे सगळं मामांच्या पैशाचं.

शेगड्यात रात्रभर चार टिपा, म्हणजे खेळायच्या काठीच्या, क्यूच्या, टोकाला बसवायच्या चकत्या, दाबून ठेवल्या होत्या. एल्क मास्टर, निळसर, मऊ चामड्याच्या. पन्नासाची पेटी 2,200 ला पडली, म्हणजे नग 44 रुपये. एका पेटीतल्या सगळ्या सारख्या निघत नाहीत. मामा एकेक टिप काउंटरच्या काचेवर टाकून ऐकतात. ‘टक्’ वाजली तर कडक. ‘थप्’ वाजली तर मऊ, तिला अजून दाब हवा. दाबली नाही तर चार दिवसांत पसरते.

सकाळी 11:25
रॅकमध्ये क्लबच्या काठ्या. मामा प्रत्येकीच्या टोकावरून अंगठा फिरवत जातात. एक टिप मार खाऊन कुत्र्याच्या छत्रीसारखी कडेनं बाहेर आलीय. तीन गुळगुळीत झाल्यात, दिव्याखाली चकाकतात. चकाकणारी टिप वाईट. तिच्यावर चॉक बसत नाही.

चॉक नावालाच खडू. त्यात सिलिका असते आणि कुरुंदासारखी कठीण भुकटी. टिप बॉलला टेकते ती सेकंदाचा हजारावा भाग, फार तर दोन भाग. तेवढ्यात चामड्यानं बॉल धरायचा. नाही धरला की टिप सटकते, मिसक्यू होतो, आणि पोरगा काठीकडे रागानं बघतो.

गुळगुळीत टिपांवर मामा काचपेपर टेकवून थोपटतात. घासत नाहीत. घासलं की चामडं संपतं, थोपटलं की फक्त उठतं. पसरलेल्या टिपेची कड पात्यानं उतरवतात. एका पूलच्या काठीची पेचाची टिप झिजून पितळ उघडं पडलंय. ती फिरवून काढली, दुसरी बसवली. दोन मिनिटं. पितळ उघडं राहिलं तर कापडाला भोक पडतं, आणि ते कापड पार्लरच्या मालकाच्या, शेठच्या, खिशातून येतं. म्हणून या टिपा शेठ आणून देतात.

दुपारी 12:10
एक डॉक्टर येतात, ओपीडी संपवून. खांद्यावर क्यूची लांब केस. आतला क्यू त्यांचा स्वतःचा, अ‍ॅशच्या लाकडाचा, टोकाला फेरूल, म्हणजे पितळी टोपण. सोबत प्लास्टिकच्या डबीत एकच टिप. कामुई, जपानी. डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली.

“मामा, जपून हं. अठराशेची आहे.”

“चाळीसची असली तरी एवढंच जपतो, डॉक्टर. रात्री घेऊन जा.”

डॉक्टर जातात. मामा फेरूलखाली लाकडाला मास्किंग टेप गुंडाळतात. जुनी टिप कटरनं आडवी कापतात, एका दमात नाही, फिरवत फिरवत. पितळेवर गोंदाचा पापुद्रा उरतो. तो पात्यानं खरवडतात. मग पाटावर 120 चा काचपेपर, त्यावर क्यू उभा, आणि गोल गोल फिरवणं. दर चार वेढ्यांनी उचलायचा, पोलादी पट्टी टोकावर आडवी धरायची, दिव्यासमोर न्यायचं. पट्टीखालून उजेड दिसला तर पुन्हा फिरवायचं. आज पाच वेळा दिसला.

टिपेची खालची बाजूही पेपरवर हलकी घासली. दोन्हीवर रिमूव्हरचा बोळा फिरवला. यानंतर बोट लावायचं नाही. चिमट्यानं टिप धरली, फेविक्विकचा एक थेंब, मध्यावर बसवली, क्यू उलटा करून पाटावर दाबला. टिप 10 मिलिमीटरची, फेरूल साडेनऊची. कडेनं थोडी बाहेर राहते. ती नंतर उतरायची.

दुपारी 12:50
आता थांबायचं. फेविक्विक हवेतल्या दमटपणानं धरतं, त्यामुळे पावसाळ्यात लवकर घट्ट होतं. तरी मामा तासाच्या आत पातं लावत नाहीत. या तासाचे पैसे कोणी देत नाही. मामा डबा उघडतात. भाकरी, मेथी, लसणाची चटणी.

चामड्याची टिप येऊन दोनशे वर्षं झाली. त्याआधी उघडं लाकूडच बॉलवर आपटायचे. फ्रान्स्वा मँगो या फ्रेंच माणसानं टोकाला चामडं लावून बॉल मागे आणून दाखवला आणि 1827 मध्ये पॅरिसला त्यावर पुस्तक काढलं. मामांना सांगितलं. त्यांनी चटणी पुसून घेतली.

“चिकटवायचा कशानं?”

ते काही मला सांगता आलं नाही.

दुपारी 2:00
कामुई उतरायची. क्यू उलटा, टिप पाटावर टेकलेली. नवं पातं अर्धं मोडून घेतलेलं. पातं पितळेला लावून वरून खाली, पाटाकडे. खालून वर नेलं तर थर सुटतात आणि अठराशे रुपये कचऱ्यात. मामा श्वास रोखत नाहीत की काही नाही. पण बोलत नाहीत. चामड्याची बारीक साल पाटावर पडते. मग 400, मग 800. कडेला जिभेवरची थुंकी लावतात आणि पट्ट्याचा तुकडा तिच्याभोवती धरून जोरात फिरवतात. चामडं तापतं, कड काळी होऊन चकाकते. टोक चकाकू नये, कड मात्र चकाकायला हवी. कडक कड पसरत नाही.

शेवटी घुमट. चारी बाजूंनी मारायला वाव हवा, म्हणून टोक गोलसर ठेवायचं. मजुरी 150.

दुपारी 3:10
कॉलेज सुटलं. तीन पोरं, तिघांकडे ऑनलाइन घेतलेले पूलचे क्यू. टिप धरून 200. शेगड्यातल्या तीन टिपा गेल्या. पूलची टिप जाड, तेरा मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा टिपाही त्या मापाच्याच दाबलेल्या. घुमट बघायला मामा एक रुपयाचं नाणं मागे धरतात. नाण्याची कड आणि टिपेची कड जुळली की झालं.

एक पोरगा भिंतीवरच्या फोटोला क्यू टेकवतो. मामा उठून क्यू बाजूला करतात.

“हे कोण?”

“विल्सन जोन्स. पुण्यात जन्मले. 58 साली बिलियर्ड्सचे वर्ल्ड चॅम्पियन.”

“आणि पंकज अडवाणी?”

“तोही पुण्यातच जन्मला. त्याचा फोटो मिळाला की लावू.”

चौथ्या पोराला फक्त टिप उठवून आणि गोल करून हवीय. 30 रुपये. तो वीस देऊ का विचारतो. मामा नुसते बघतात. तो तीस देतो.

संध्याकाळी 5:40
कालचा एक मुलगा परत आला. हातात क्यू, दुसऱ्या मुठीत टिप.

“मामा, पहिल्याच ब्रेकला उडाली.”

मामा चष्मा लावतात. आधी फेरूलचं टोक बघतात, मग टिपेची पाठ. चामड्याचे तंतू फेरूलवर चिकटून राहिले असते तर गोंद पक्का होता, चामडंच फाटलं, म्हणजे मार जास्त. इथं फेरूल स्वच्छ. सगळा गोंद टिपेवर.

“तेलकट राहिलं होतं. माझं काम आहे. बस.”

मुलगा भांडायच्या तयारीनं आला होता. बसतो. मामा पुन्हा पेपर, पट्टी, रिमूव्हर करतात. चौथी टिप गेली. एक ट्यूबही. ट्यूब एकदा फोडली की उद्यापर्यंत सुकते. पैसे नाहीत.

“उद्या दुपारपर्यंत ब्रेक मारू नको. नुसता खेळ.”

संध्याकाळी 7:00
सातही टेबलं भरली. आता मामा मार्कर. पॉट झालेला रंगीत बॉल काढून जागेवर ठेवायचा, पाटीवर वेळ लिहायची, चॉक जमिनीवरून उचलायचे, ‘टेबलावर बसू नका’ म्हणायचं. पूलचे तासाला 180, स्नूकरचे 260. दरांचा बोर्ड काउंटरवर आहे, गेल्या दिवाळीत नवा केला. कोल्ड्रिंक, वेफर्स, ग्लोव्ह, सगळ्याचे दर त्यावर आहेत. टिपेचा दर नाही. तो मामांचा धंदा.

रात्री 9:05
डॉक्टर आले. तीन-चार लाल पॉट केले. मग एक लांबचा शॉट, खालून मारलेला. पांढरा बॉल लाल बॉलला भिडून चार फूट मागे आला. डॉक्टर टिपेकडे बघतात.

“काय जबरदस्त टिप आहे, मामा.”

“हो. चांगली येते जपानची.”

काउंटरवर शेठचा क्यूआर कोड आहे. मामांचे पैसे मुलाच्या नंबरवर. डॉक्टरांनी 150 पाठवले. मामांनी मुलाला फोन करून विचारलं, आले का.

रात्री 10:50
शेवटचं टेबल सुटलं. वहीत हिशेब. तिघांचे 600, डॉक्टरांचे 150, घुमटाचे 30. एकूण 780. चार टिपांचे 176, तीन ट्यूबांचे 15, काचपेपर धरा 10. खर्च 201. हाती 579. पगाराचे रोजचे 500 वेगळे. रोज असं नसतं. परवा एकही टिप नव्हती. परीक्षा लागल्या की पंधरवडा रिकामा.

मामा उद्यासाठी चार टिपा शेगड्यात घालतात आणि दांडी आवळतात. फोन वाजतो. कुणी नवा आहे, मित्राकडून नंबर घेतलेला. मामा दांडीला अजून अर्धा वेढा देत बोलतात.

“हां, अकरानंतर ये. दोनशे. नाही रे, टिप धरून. मजुरीचे वेगळे काय घ्यायचे, त्यातच आले.”