गाडी अजून व्हायचीय

तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कंपनीतून बाहेर पडताना जशी होती तशी न राहिलेली एक तरी गाडी सापडेलच. हँडल बदललेलं, मागचं मडगार्ड काढून टाकलेलं, आणि सायलेन्सर असा की मालक गेटवर आला की तिसऱ्या मजल्यावरच्या लेक्चरला कळतं. त्याला विचारा, 'झाली का रे गाडी?' उत्तर ठरलेलं. 'नाय अजून, थोडं काम बाकी आहे.'

हे 'थोडं काम' किती वर्षं चालावं? अमेरिकेतल्या एड इस्कंदेरियनचं उदाहरण घ्या. जन्म १९२१, कॅलिफोर्नियातला. आई-बाप आर्मेनियातून आलेले, द्राक्षांच्या बागा थंडीने गेल्या म्हणून लॉस एंजेलिस गाठलेले. शाळेतून बाहेर पडल्यापडल्या या पोराने फोर्डच्या जुन्या 'मॉडेल टी'चा सांगाडा मिळवला, त्यात व्ही-८ इंजिन बसवलं, आणि १९४२ मध्ये वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर ताशी १२० मैलांनी, म्हणजे १९० किलोमीटरच्याही वर पळवला. पुढे तो इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणारा मोठा कारखानदार झाला, वयाची शंभरी पार केली. पण ती गाडी त्याने विकली नाही. नवी दिसावी म्हणून घासूनपुसून रंगवलीही नाही. पोरवयात जशी जुळवली होती, साधारण तशीच ठेवली.

अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. नाव ऐकलं की ज्वाळांची चित्रं काढलेल्या चकचकीत गाड्या डोळ्यांपुढे येतात, कारण सिनेमांनी आणि खेळण्यांच्या डब्यांनी आपल्याला तेवढंच दाखवलं. मुळात हा पैसे नसलेल्या पोरांचा उद्योग होता.

कसा, ते बघा. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी बनवल्या. त्यामागून मॉडेल ए आली. तिसाव्या दशकातल्या मंदीत या गाड्या भंगारात पडून होत्या, चिल्लर किमतीत मिळायच्या. दक्षिण कॅलिफोर्नियाची हवा कोरडी, तिथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकायची वेळ येत नाही, त्यामुळे पत्रा गंजत नाही. पाऊस जेमतेम, म्हणजे बिनटपाची 'रोडस्टर' बाराही महिने चालवता येते. अशात १९३२ मध्ये हेन्री फोर्डने एक कमालच केली. आठ सिलिंडरचं इंजिन तोवर बड्या लोकांच्या गाड्यांत असायचं. फोर्डने त्याचा ठोकळा एकाच ओतकामात काढायचं तंत्र बसवलं आणि व्ही-८ रोडस्टर पाचशे डॉलरच्या आत बाजारात आणली. ३.६ लिटरचं इंजिन, ६५ हॉर्सपॉवर. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या पैशांत तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं. ३२ सालातल्या दोनावरून या मॉडेलला 'ड्यूस' म्हणतात. पत्त्यांतल्या दुर्रीला इंग्रजीत ड्यूसच म्हणतात. ही दुर्री मात्र हुकमाची निघाली.

मग पोरांनी काय केलं? आधी काढून टाकलं. मडगार्ड, बंपर, पायरी, बॉनेट, जे जे नसलं तरी गाडी पळते ते सगळं. वजन कमी, वाऱ्याचा अडथळा कमी. मग इंजिन. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, एकाच्या जागी दोन-तीन कार्ब्युरेटर लावायचे, आणि कॅमशाफ्ट बदलायचा. कॅमशाफ्ट म्हणजे ओळीने उंचवटे असलेला एक दांडा. व्हॉल्व्ह कधी उघडणार, किती उघडणार, किती वेळ उघडे राहणार, हे त्या उंचवट्यांच्या आकारावर ठरतं. इंजिनाचा स्वभावच त्या दांड्यात असतो म्हणा ना. युद्धानंतर चांगला कॅम घासून मिळायला महिनोन् महिने लागत. इस्कंदेरियनने वैतागून स्वतःच एक जुनं ग्राइंडिंग मशीन मिळवलं, कॅम घासण्याजोगं करून घेतलं आणि धंदा सुरू केला. जागा? जॉन अ‍ॅथन या लहानपणच्या मित्राच्या वर्कशॉपची मागची बाजू. हा अ‍ॅथनही तसलाच. त्याने मॉडेल एची बॉडी ३२ च्या चेसीवर चढवून एक रोडस्टर केली होती. पुढे १९५७ च्या 'लव्हिंग यू' सिनेमात एल्व्हिस प्रेस्लीने तीच चालवली. त्यानंतरही अ‍ॅथनने ती आपल्याकडेच ठेवली. दोन मित्र, दोन गाड्या, दोघांची अख्खी आयुष्यं.

फोर्डच्या त्या इंजिनात एक खोडही होती. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, खाली ठोकळ्यात, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणतात. जळलेला गरम वायू बाहेर पडताना ठोकळ्यातूनच, थंड पाण्याच्या वाटांना लागून जातो. परिणाम? गाडी तापते. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकली की रेडिएटरवर चहा ठेवावा. १९५५ मध्ये शेवरोलेचं नवं, हलकं व्ही-८ आलं आणि बहुतेकांनी फ्लॅटहेड काढून ते बसवलं. आजही त्या वंशाचं तयार इंजिन आणून बसवणं हा सोपा मार्ग आहे. पण काही खुळे अजून फ्लॅटहेडच धरून आहेत. ठोकळ्याला बारीक तडे गेलेत का ते तपासायचं, रेडिएटर मोठा करायचा, पंप बदलायचा, आणि तरी एखाद्या चढावर कडेला थांबून झाकणातून निघणारी वाफ बघायची.

आता पत्र्याचं काम. यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे 'चॉप', म्हणजे छत खाली आणणं. ऐकायला सोपं आहे. काचेशेजारचे खांब तीन इंच कापा, छत खाली ठेवा, वेल्डिंग मारा. करायला गेलात की लक्षात येतं, खांब सरळ उभे नसतात, तिरके असतात. मधला तुकडा काढला की वरचं छत लहान पडतं आणि खालचे खांब त्याच्या बाहेर येतात. मग एकतर खांब वाकवा, नाहीतर छत मधोमध कापून लांबवा. दारांच्या वरच्या चौकटी कापा. काचा नव्याने कापून घ्या. एवढं करून वेल्डिंग घाईत केलं तर उष्णतेने पत्रा लाटांसारखा उठतो. म्हणून एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं, मग मागून लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीने अलगद बसवायचं. आपल्याकडचा जुना डेंटर हेच करतो. तो डोळ्यांनी बघत नाही, तळहात फिरवून बघतो. पत्र्यातली चूक डोळ्यांना रंग मारल्यावर दिसते, हाताला आधीच कळते.

हे शिकले कुठे ही पोरं? शाळेच्या वर्कशॉपमध्ये, एकमेकांच्या गॅरेजमध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धात. सैन्याने हजारोंना वेल्डिंग, मशीनिंग, इंजिनाची कामं शिकवली. बिल बर्क नावाच्या गड्याने तर पॅसिफिकमध्ये लढाऊ विमानांच्या पोटाखालच्या इंधनाच्या टाक्या पाहिल्या आणि त्यांचा तो थेंबासारखा आकार डोक्यात घेऊन घरी आला. १९४६ मध्ये तसली एक भंगारातली टाकी आणून तिच्यातच त्याने गाडी बसवली. विमान गेलं, युद्ध संपलं, टाकी मात्र वाळवंटात पळाली!

यात सगळे 'गडी'च होते असं समजू नका. व्हेडा ऑर ही त्या तळ्यांवर अधिकृत शर्यतीत उतरलेली पहिली बाई. युद्धात क्लबची पोरं जगभर पांगली, तेव्हा क्लबचं बातमीपत्र तिने चालू ठेवलं आणि आघाडीवरच्या पोरांना पाठवत राहिली. कोण कुठे आहे, कोणाची गाडी कोणाकडे पडून आहे. खंदकात बसून असलं पत्र वाचणाऱ्या विशीतल्या पोराला काय वाटलं असेल, तुम्हीच बघा.

आता तुमच्या सायलेन्सरकडे येऊ. आपल्या शहरांत पोलीस असे सायलेन्सर जप्त करतात आणि रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवतात, त्याचे व्हिडीओ तुम्ही पाहिले असतीलच. हॉट रॉडवाल्यांनाही लोक गुंडच समजायचे, आणि उगाच नाही. रात्री रस्त्यांवर शर्यती लागत, माणसं मरत. तळ्यांवर तरी काय? सुरुवातीला पाच-सहा गाड्या शेजारी शेजारी सुटायच्या. पहिला सोडून बाकी सगळे धुळीत आंधळे. १९३७ मध्ये क्लबांनी मिळून 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' काढली. गाडी आधी तपासायची, वेळ घड्याळाने मोजायची, नियम मोडला तर बाहेर. १९४९ पासून त्यांनी युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा आठवडा सुरू केला. १९५१ मध्ये 'हॉट रॉड' मासिकाचा संपादक वॉली पार्क्सने राष्ट्रीय संघटना उभारली, ती शर्यती रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर न्यायच्या म्हणूनच. पोमोना गावात तर अशी पट्टी चालवायला पोलिसांनीच हात दिला. मला विचाराल तर या छंदाला एवढं आयुष्य मिळालं ते या कंटाळवाण्या भागामुळे. नियम, तपासणी, क्लबच्या मीटिंगा. नुसत्या आवाजावर हा नाद दहा वर्षंही टिकला नसता.

आपला कायदा मात्र जास्त कडक आहे, हे माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल तर नंबरात 'व्हीए' मिळतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. थोडक्यात, इस्कंदेरियनची ती गाडी आपल्याकडे विंटेज ठरलीच नसती!

गंमत वाटेल, पण अमेरिकेतही हाच वाद आहे. ३२ ची अस्सल फोर्ड एकदा कापली की ती गेली. आता शिल्लक किती राहिल्या? म्हणून तिथे नव्या पत्र्याच्या, हुबेहूब ३२ सारख्या बॉडी बनवून विकतात. जुन्याला हात न लावता हौस भागते. दुसरीकडे पेबल बीचला, जिथे जगातल्या श्रीमंतांच्या जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे १९९७ मध्ये हॉट रॉडसाठी पहिल्यांदा स्वतंत्र विभाग ठेवला गेला. जिंकली डोन स्पेन्सर नावाच्या कारागिराने चाळिशीच्या दशकात जुळवलेली ३२ ची रोडस्टर, नंतरच्या मालकाने पुन्हा उभी केलेली. आता सांगा, जी गाडी मुळातच कापून बनवली, ती 'मूळ रूपात' आणायची म्हणजे कुठल्या? फोर्डने बनवली त्या, की स्पेन्सरने बनवली त्या? तिथल्यांनी स्पेन्सरच्या बाजूने कौल दिला. मला तो पटतो. कारखान्याच्या हातांइतकाच एका पोराच्या हातांनाही इतिहास असतो. पण पैसे टाकून दुसऱ्याकडून अख्खी गाडी करून घ्यायची आणि प्रदर्शनात तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं, हा जो प्रकार हल्ली वाढलाय, त्याला छंद म्हणायला माझी जीभ वळत नाही.

माझी स्वतःची मजल फार नाही. वडिलांची एम-८० कार्ब्युरेटर खोलून साफ केली, परत जुळवली, आणि एक स्प्रिंग उरली. गाडी सुरू झाली. स्प्रिंग कुठली होती ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तरी तुम्हाला हात काळे करायचेच असतील तर जिन्याखाली धूळ खात पडलेली आजोबांची लॅम्ब्रेटा किंवा मामाची येझदी बघा. पाना उचलायच्या आधी आरसी बुक शोधा, चेसी नंबर जुळतो का पाहा, नाव कोणाचं आहे ते बघा. कागद नसले तर नंतर रडाल. प्रत्येक भाग काढताना मोबाइलवर फोटो काढा, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यांवर लिहा (स्प्रिंग आठवा). त्याआधी तुमच्या भागातला तो म्हातारा मेकॅनिक गाठा, जो येझदीचं टायमिंग कान लावून जुळवतो. नवीन गाड्या त्याच्याकडे येत नाहीत, त्यामुळे त्याला वेळ असतो. पोराने धंद्यात यायला नकार दिलाय, दुकान किती दिवस चालेल ते तोही सांगत नाही. सकाळी जा, दहाच्या आत. चहा तुम्ही सांगा.