दिसण्याआधीचा फोटो

६ ऑगस्ट १९३० रोजी नॉर्वेच्या एका मोहिमेतल्या माणसांना आर्क्टिक समुद्रातल्या क्वितोया या बर्फाच्छादित बेटावर ३३ वर्षांपूर्वीचा एक तळ सापडला. स्वीडनचे एस. ए. आंद्रे आणि त्यांचे दोन तरुण साथीदार, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल, जुलै १८९७मध्ये हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले होते. तीन दिवसांच्या आत फुगा बर्फावर बसला. तिघांनीही जवळजवळ तीन महिने गोठलेल्या समुद्रावर काढले, मग ते या बेटावर पोचले आणि तिथेच संपले. तळाच्या अवशेषांत रोजनिशी होती, स्ट्रिंडबर्गचा कॅमेरा होता आणि फोटो काढून झालेल्या फिल्मही होत्या, ओल्या आणि गारठलेल्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने त्या जिवापाड जपून धुतल्या. २४० फोटोंपैकी ९३ हाती लागले. त्यांतल्या एकात बर्फावर कलंडलेला फुगा आहे आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं.

या फोटोवर प्रकाश पडला १८९७मध्ये आणि तो पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांना दिसला १९३०मध्ये. मधली ३३ वर्षं तो फोटो होता, पण दिसत नव्हता. १८९७मध्येच कुणी ती फिल्म उजेडात धरून पाहिली असती, तर तिच्यावर काहीही दिसलं नसतं आणि होतं तेही नष्ट झालं असतं.

डिजिटल कॅमेरा हाताशी असताना माणसं अजून फिल्मच्या मागे का लागतात, याची अनेक उत्तरं दिली जातात. कुणी फिल्मच्या दाण्याबद्दल बोलतं, कुणी रंगांबद्दल, कुणी जुन्या धातूच्या कॅमेऱ्याच्या वजनाबद्दल आणि शटरच्या आवाजाबद्दल. ती सगळी खरी आहेत, पण माझ्या लेखी दुय्यम. दाणा आणि रंग आज संगणकावर बरेचसे उतरवता येतात. उतरवता येत नाही तो हा मधला काळ, फोटो काढून झालेला असतो पण अजून कुणीच पाहिलेला नसतो तो. फिल्मवाल्यांची खरी ओढ त्या काळाची आहे, असं मला वाटतं.

या न दिसणाऱ्या प्रतिमेला सुप्त प्रतिमा म्हणतात. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक. एका स्फटिकात चांदीचे अब्जावधी आयन असतात. शटर उघडून प्रकाशाचे मोजके कण त्यावर पडले, की त्यांतल्या जेमतेम चार-पाच आयनांची धातुरूप चांदी होते. एवढाच काय तो बदल. डेव्हलपरमध्ये फिल्म गेली, की ज्या स्फटिकावर असा ठिपका आहे तो अख्खा काळा पडतो आणि ज्याच्यावर नाही तो तसाच राहतो. मग हायपो नावाचं रसायन उरलेले क्षार विरघळवून काढून टाकतं आणि फिल्म उजेडाला निर्धोक होते. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९मध्ये, म्हणजे फोटोग्राफी जाहीर होण्याच्या वीस वर्षं आधी, शोधून ठेवला होता.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून बनतं, आणि काही जिलेटिनच्या फिल्म इतरांपेक्षा कितीतरी जलद प्रकाश टिपत, ते का हे कुणाला कळत नव्हतं. कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५मध्ये त्याचा छडा लावला. जनावरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गातल्या वनस्पतींमधून गंधकाची संयुगं जिलेटिनमध्ये अगदी अल्प प्रमाणात उतरत होती आणि स्फटिकांची प्रकाश टिपण्याची ताकद तीच वाढवत होती. आपल्या फोडणीतल्या मोहरीला ज्यामुळे झणका येतो, तेच हे द्रव्य.

फोटो आत्ता काढायचा आणि नंतर कधीतरी धुवायचा, ही सवड मात्र फोटोग्राफीला सुरुवातीपासून सहज मिळालेली नव्हती. मुंबईत १८५४मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्या पिढीच्या हाती ओल्या काचपट्टीची पद्धत आली. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायची. वाळली की काम संपलं. म्हणून फोटोग्राफरबरोबर काळोखा तंबू, रसायनं आणि पाणी असा संसारच हिंडायचा. १८७१मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या पट्टीची कल्पना मांडली, पुढच्या काही वर्षांत ती बाजारात आली, आणि फोटो काढणं व फोटो पाहणं ही दोन कामं वेगळी झाली.

या वेगळेपणाचा जाणूनबुजून उपयोग करणारा फोटोग्राफर म्हणजे न्यू यॉर्कचा गॅरी विनोग्रँड. रस्त्यावरचे फोटो काढून झाले, की तो रोल मुद्दाम महिनोन्‌महिने बाजूला ठेवी. फोटो काढताना आपण खुशीत होतो म्हणून तो चांगला वाटू नये, असा त्याचा विचार. काढतानाचा दिवस विसरला, की तो स्वतःचं काम परक्याच्या नजरेने पाहू शके. १९८४मध्ये तो गेला तेव्हा न धुतलेले सुमारे २,५०० रोल मागे राहिले होते. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायरची गोष्ट आणखी टोकाची. थकलेल्या भाड्यापायी २००७मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यातून हजारो निगेटिव्ह बाहेर आल्या, सोबत न धुतलेले ढीगभर रोल. २००९मध्ये ती वारली. विसाव्या शतकातल्या उत्तम रस्ता-फोटोग्राफरांत आज तिचं नाव घेतलं जातं, आणि आपले कितीतरी फोटो तिने स्वतः कधीच पाहिले नाहीत.

आपल्याकडे या थांबण्यातून एक अख्खा उद्योग उभा राहिला. दादासाहेब फाळके चित्रपट काढायला निघाले तेव्हा भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसामागून दिवस थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. ती पट्टी धुऊन पडद्यावर चालवली तेव्हा रोप मिनिटभरात भराभरा वाढताना दिसलं. फाळके मुळात फोटोग्राफर. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ चालवलेले. त्यामुळे न दिसणाऱ्या चित्रावर भरवसा ठेवायची सवय त्यांना आधीपासून होती. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा याहून मोठा आहे. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं त्या घरच्या घरी करत. ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्यामागे काळोखात फिल्म हाताळणारी ही बाई होती, हे आपण अजून पुरेशा मोठ्याने म्हणत नाही.

मी माझे कृष्णधवल रोल घरीच धुतो, आणि ज्यांना हा नाद लागावा असं वाटतं त्यांना पहिल्यांदा फिल्म धुण्याच्या टाकीजवळच बसवतो. रोल रिळावर चढवायचा तो संपूर्ण अंधारात, चेंजिंग बॅगेत हात घालून, नुसत्या बोटांच्या भरवशावर. टाकीचं झाकण लागलं की मग दिवा लावला तरी चालतो. एचपी-फाइव्ह प्लस ही फिल्म आयडी-इलेव्हन डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटं धुवायची, असं कंपनीचा तक्ता सांगतो. हे २० अंश इंग्लंडातल्या नळाला सोपे, पुण्या-मुंबईच्या मेमधल्या नळाला नाहीत. पाणी गरम असेल तर वेळ कमी करावा लागतो, तो पाच मिनिटांच्या खाली गेला की डाग पडायची भीती, आणि पाणी फारच गरम झालं तर जिलेटिनचा थर मऊ पडतो. म्हणून आपल्याकडची फिल्म धुणारी मंडळी फ्रीजमधला बर्फ पिशवीत घालून बादलीत सोडतात. रंगीत निगेटिव्हचं मात्र उलटं आहे. ती प्रक्रिया ३७.८ अंशांवर चालते. युरोपात त्यासाठी पाणी तापवत ठेवावं लागतं, आपला उन्हाळा अर्धं काम आधीच करून ठेवतो. पावसाळा मात्र दोन्हींचा वैरी. लेन्सवर आणि निगेटिव्हवर बुरशी धरते, तेव्हा हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांना पर्याय नाही.

फिल्म धुऊन वाळली तरी फोटो पुरा होत नाही, आणि डार्करूममध्ये ज्याने रात्री घालवल्या त्यालाच हे नीट कळतं. याचं माझ्या मते सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे फोटोग्राफर अँसल अ‍ॅडम्स यांचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाचा चंद्रोदयाचा फोटो. शरदातली संध्याकाळ, अ‍ॅडम्स गाडीने सांता फेकडे परतत होते. डावीकडे गाव, मागे बर्फाची शिखरं, वर चंद्र आणि गावाच्या स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. गाडी थांबवून त्यांनी आठ बाय दहा इंचांची निगेटिव्ह घेणारा अवजड कॅमेरा धडपडत उभा केला, तर प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल असते, हे त्यांना पाठ होतं. त्यावरून डोक्यात हिशेब मांडून एफ-३२ला एक सेकंद दिला. दुसरी निगेटिव्ह घ्यायला होल्डर उलटा केला, तोवर क्रुसांवरचं ऊन गेलेलं. निगेटिव्ह एकच राहिली.

तीही अवघड. जमिनीचा भाग फिका, आकाशाचा दाट. अ‍ॅडम्सनी ती डेव्हलपर आणि साधं पाणी यांत आळीपाळीने ठेवून हळूहळू धुतली. १९४८मध्ये रसायनाने खालचा भाग आणखी दाट करून घेतला. एनलार्जरखाली प्रत्येक वेळी त्यांचे हात चालत. कुठे प्रकाश अडवून भाग उजळ ठेवायचा, कुठे जास्त वेळ देऊन काळा करायचा. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या पुसट रेघा आहेत, नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ मिट्ट काळं होत गेलं. पुढच्या काही दशकांत त्यांनी या एका निगेटिव्हच्या १,३००हून अधिक प्रिंट काढल्या. फोटोची तारीख त्यांनी लिहून ठेवली नव्हती. चंद्राच्या स्थानावरून गणित करून १९९१मध्ये ती १ नोव्हेंबर १९४१ अशी निघाली. एका सेकंदाच्या प्रकाशावर माणूस आयुष्यभर काम करत राहिला, आणि दर वेळी त्यात त्याला नवं काही करावंसं वाटलं.

डिजिटलशी माझं भांडण नाही. बातमी, लग्न, वैद्यकीय काम यांत तेच योग्य. फिल्म महाग आहे, आणि वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते, म्हणून तो मोरीत ओतू नये. जिलेटिनमुळे कुणाला फिल्म नकोशी वाटली, तर तो विचारही आदराने घेण्यासारखा आहे. पण फिल्म संपली असं समजणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांकडे पाहावं. इंग्लंडातली इलफोर्ड २००४मध्ये बुडायला आली होती, तिथल्याच व्यवस्थापकांनी कारखाना वाचवला. कोडॅकने जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी रॉचेस्टरला फिल्म बनायची थांबली नाही. उलट ‘ओपनहायमर’साठी कोडॅकने ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म पहिल्यांदाच बनवून दिली. त्याचे दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन २०१८मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या निमंत्रणावरून मुंबईत आले होते, ते फिल्म जपण्याविषयी बोलायलाच. २०२४मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, ३६च्या रोलवर ७२ फोटो घेणारा. आपला उटीचा सरकारी फिल्म कारखाना मात्र टिकला नाही. १९६०मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची ‘इंदू’ फिल्म एका पिढीने वापरली, आणि आज भारतातल्या फिल्मवाल्याला परदेशी मालावरच अवलंबून राहावं लागतं. ही खरी हानी आहे.

वाचकांना एकच विनंती. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून फोटो काढून झालेला पण न धुतलेला एखादा रोल निघाला, तर तो ओढून उजेडात पाहू नका आणि टाकूनही देऊ नका. अजून फिल्म धुणाऱ्या लॅबकडे तो द्या आणि किती जुना आहे ते सांगा. रंग उडाले असतील, पण कृष्णधवल रोल दशकांनंतरही बरंच काही देतो. कोडॅक्रोम असेल तर रंगीत धुण्याची सोय २०१०च्या अखेरीस जगभरातून बंद झाली आहे, तो फक्त कृष्णधवल धुता येईल. आणि अल्बममागे खोचलेल्या निगेटिव्ह प्रिंटपेक्षा जास्त जपा. कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात ठेवा. प्रिंट फाटली तर पुन्हा काढता येते, निगेटिव्ह एकदा गेली की गेली.